कपाटामागचे राज्य आणि मागे राहिलेले घर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या सांगलीतल्या वाचनालयाच्या बालविभागात मुलांबरोबर पालकांचीही वर्दळ वाढते आणि त्यांच्यात एक वाद हमखास कानी पडतो. मुलाने हातात घेतलेली जाडजूड कादंबरी एखाद्या कपाटातून, आरशातून किंवा रेल्वेच्या फलाटावरच्या भिंतीतून दुसऱ्याच जगात जाणाऱ्या मुलांची असली, की एक पालक म्हणतात, हे सगळे पळपुटेपण आहे, त्यापेक्षा शास्त्रज्ञांची चरित्रे वाचा. आणि दुसरे म्हणतात, मोबाइल बाजूला ठेवून पोरगं निदान वाचतंय तरी, वाचू द्या. या कादंबऱ्यांवर मनापासून प्रेम करणारी आणि तरीही त्यांच्याबद्दल मनात एक अढी असलेली वाचक म्हणून मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिला पक्ष पुस्तक न उघडताच निकाल देतो आणि दुसऱ्याला पुस्तकात काय आहे याच्याशी कर्तव्यच नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

या प्रकाराला इंग्रजीत 'पोर्टल फँटसी' म्हणतात आणि हल्लीची मराठी मुलेही तेच नाव वापरतात. चारचौघांसारख्या घरातले एखादे मूल अचानक एका वाटेने अद्भुत प्रदेशात जाते, तिथल्या संकटांना तोंड देते आणि बहुधा घरी परतते, एवढाच त्याचा सांगाडा. लुईस कॅरॉल यांची ॲलिस १८६५ साली सशामागोमाग बिळात उतरली. एल. फ्रँक बॉम यांच्या डोरोथीला १९०० साली चक्रीवादळाने घरासकट उचलून ऑझच्या देशात नेऊन टाकले. सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दर वर्षी एक याप्रमाणे प्रसिद्ध झाली, आणि हॅरी पॉटरचा फलाट तर मराठी अनुवादामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांनाही ठाऊक झाला आहे.

माझे प्रेम आधी सांगते, म्हणजे पुढची तक्रार द्वेषातून आलेली नाही हे स्पष्ट होईल. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनहून खेड्यातल्या एका वृद्ध प्राध्यापकांच्या वाड्यात पाठवलेली चार भावंडे आहेत. (लुईस यांनी स्वतःच्या ऑक्सफर्डच्या घरीही अशा मुलींना ठेवून घेतले होते, घरापासून तुटलेली मुले त्यांनी जवळून पाहिली होती.) त्यांतली धाकटी ल्यूसी एका रिकाम्या खोलीतले कपाट उघडते तेव्हा आतून दोन डांबरगोळ्या बाहेर पडतात. ती फरच्या लांब कोटांमध्ये शिरते, मागे कोटांची आणखी एक रांग लागते, कपाटाची पाठ काही हाताला लागत नाही, आणि पायाखाली काहीतरी कुरकुरते. आणखी डांबरगोळ्या असतील असे वाटून ती खाली वाकून चाचपते, तर बोटांना लाकडाच्या जागी मऊ, भुसभुशीत आणि अतिशय थंड असे काही लागते. मग चेहऱ्याला घासणारी मऊ फर एकाएकी खरखरीत आणि टोचरी होते, कारण कोटांच्या झाडाच्या फांद्या झालेल्या असतात. आणि समोर, बर्फाच्या रानात, एक दिव्याचा खांब जळताना दिसतो. आश्चर्याची ही घडण मला आजही थक्क करते. लेखकाने मंत्र घातला नाही की वीज चमकवली नाही; जिचा वास आपल्याकडे आजीच्या लुगड्यांच्या ट्रंकेला येतो, त्या डांबरगोळीच्या आधाराने त्यांनी एका मुलीला एका जगातून दुसऱ्यात नेले. शिवाय आत शिरताना ल्यूसी कपाटाचे दार उघडे ठेवते, कारण स्वतःला कपाटात कोंडून घेणे हा मूर्खपणा आहे, आणि ही गोष्ट लेखक पुन्हा पुन्हा बजावतात. आपले पुस्तक वाचून कुणी मूल खरोखरच कपाटात जाऊन बसेल, याची त्यांना काळजी होती.

मी अकरावीला पुण्यात वसतिगृहात राहत होते आणि माझी आई इकडे सांगलीत आजारी होती, तेव्हा याच मालिकेतले 'द मॅजिशियन्स नेफ्यू' हे १९५५ सालचे पुस्तक माझ्या हाती आले. त्यातल्या डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली आहे. दुसऱ्या जगात पोचल्यावर तो तिथल्या सिंहाकडे, अस्लानकडे, आईला बरे करण्याची याचना करतो आणि वर पाहतो, तर त्या सिंहाच्या डोळ्यांत त्याला आपल्यापेक्षाही मोठे अश्रू दिसतात. पुढे एक सफरचंद चोरून नेले तर आई वाचेल, असा मोह त्याला घातला जातो आणि तो मोठ्या कष्टाने तो मोह आवरतो. लुईस नऊ वर्षांचे असताना त्यांची आई वारली होती. डिगरी कितीही दूर गेला तरी आईची ती खोली त्याच्या मनातून क्षणभरही हलत नाही, आणि अखेर दुसऱ्या जगातून तो जे आणतो ते त्या खोलीतच आणतो. त्या महिन्यांत या पुस्तकाने मला जो धीर दिला, तो मला भेटायला आलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने मिळाला नव्हता. म्हणूनच पळपुटेपणाचा शिक्का कुणी सरसकट मारू लागले की मला राहवत नाही.

आता अढीचे सांगते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ती चार भावंडे नार्नियाचे राजे आणि राण्या होतात, वर्षानुवर्षे राज्य करतात, मोठी होतात, त्यांची बोलण्याची रीतसुद्धा दरबारी होते, परके राजे राण्यांना मागणी घालतात. आणि एके दिवशी पांढऱ्या हरणाचा माग काढत त्या दिव्याच्या खांबापाशी येऊन ती कपाटातून बाहेर पडतात, तर इकडे त्याच दिवसाची तीच वेळ असते. वाडा पाहायला आलेल्या पाहुण्यांशी बाहेर चाललेले बोलणेही संपलेले नसते. पुन्हा लहान झालेल्या या चौघांना प्राध्यापकांकडे जाऊन खुलासा करावासा वाटतो तो एवढ्याचसाठी, की कपाटातले चार कोट कमी झाले आहेत. अख्खी तरुणाई दुसरीकडे काढली आणि घराला लागलेली तोशीस चार कोटांची. लहानपणी मला हे फार आवडले होते. आज मला या साऱ्या प्रकाराचे आकर्षण आणि त्याची उणीव दोन्ही त्या चार कोटांत दिसतात. इकडे आईवडिलांना वाट पाहावी लागत नाही, कुणी कंदील घेऊन शोधायला निघत नाही. तिकडे राजे आणि राण्या एकाएकी नाहीशा झालेल्या प्रजेवर काय गुदरले, याचे उत्तर १९५१ च्या दुसऱ्या पुस्तकात पडक्या राजवाड्याच्या आणि परक्यांनी जिंकलेल्या देशाच्या रूपाने दिसते खरे, परंतु त्याचा जाब या चौघांना कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्या कथा या बाबतीत कठोर आहेत. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर कोण योग्य, हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गायन चालू असते, म्हणून तो थोडा वेळ थांबतो. गायन संपल्यावर तो आपला प्रश्न विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसून सांगतात की, तू ज्यांचा विचार करून आला आहेस ते वर आणि त्यांचे पुत्रपौत्र सारे काळाच्या उदरात गेले, पृथ्वीवर दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. रेवतीचे पुढे बलरामाशी लग्न होते, परंतु बाप आणि लेक जे जग सोडून गेले होते ते त्यांना पुन्हा भेटत नाही. नार्नियात तिकडची वर्षे इकडच्या एका क्षणात मावतात, आणि ब्रह्मलोकातल्या एका गायनात इकडचे सारे गणगोत संपते. दोन्ही कल्पनाच आहेत. पण दुसरी कल्पना सांगणाऱ्याला हे ठाऊक होते की, कुणी बराच काळ दूर राहिला तर मागची माणसे तशीच्या तशी थांबून राहत नाहीत.

याहूनही जवळची गोष्ट श्रावणातल्या नागपंचमीच्या कहाणीत आहे, आणि ती आपल्यापैकी अनेकींनी पाटावर बसून ऐकलेली आहे. आटपाट नगरातल्या ब्राह्मणाच्या सुना सणाला कुणी माहेरी, कुणी आजोळी निघून जातात. सर्वांत धाकटीला कुणीच नसते. नाग हाच माझा सखा, तोच मला न्यायला येईल, असे ती मनाशी म्हणते, आणि शेषभगवान तिची दया येऊन ब्राह्मणाच्या वेशात मामा म्हणून दारात उभा राहतो. तो तिला फणीवर बसवून आपल्या वारुळात नेतो. तिथे नागीण बाळंत होत असताना ही दिवा हातात धरून उभी असते. वळवळणारी पिल्ले पाहून ती भिते, हातातला दिवा खाली पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजतात. नागीण रागावते, आणि नाग तिला मानाने सासरी पोचवतो. गोष्ट इथे संपली असती तर ती एका माहेर नसलेल्या पोरीच्या इच्छापूर्तीची गोड गोष्ट ठरली असती. परंतु ती पिल्ले मोठी होतात, आपली शेपटे कशी तुटली हे आईला विचारतात आणि सूड घ्यायला तिच्या घरी येतात. तो दिवस नेमका नागपंचमीचा असतो, आणि ती आपल्या नागभावांची चित्रे काढून, दूध, लाह्या आणि दिंडांचा नैवेद्य दाखवून, माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत, अशी प्रार्थना करत असते. ते ऐकून त्यांचा राग ओसरतो आणि जाताना ते दुधाच्या वाटीत नवरत्नांचा हार ठेवून जातात.

या कहाणीत दार दोन्हीकडून उघडते. ती तिकडे गेली म्हणून तिकडचे इकडे आले. तिने तिथे केलेले नुकसान, अजाणता का होईना, तिच्या घरापर्यंत चालत आले, आणि तिने तिथे जोडलेले नातेच तिच्या उपयोगी पडले. ज्यांची शेपटे भाजली त्यांना कहाणीत नावे आहेत, त्यांना राग येण्याचा अधिकार आहे. योगवासिष्ठातल्या लवण राजाचीही अशीच तऱ्हा. इंद्रजाल करणाऱ्याने मोरपिसांचा कुंचा फिरवल्याबरोबर भर दरबारात तो दुसरेच आयुष्य जगून येतो, अरण्यातल्या गरीब वस्तीत संसार करतो, दुष्काळात होरपळतो. आणि भानावर आल्यावर सगळा भास होता म्हणून गप्प न बसता विंध्य पर्वताकडे त्या वस्तीचा शोध घ्यायला जातो. तिथे त्याला आपली सासू, मेलेल्या लेकीजावयासाठी रडणारी ती म्हातारी, खरोखर भेटते. तत्त्वज्ञानाचा भाग बाजूला ठेवला तरी, राजाला पुन्हा तिथे जावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पाश्चात्त्य लेखकांपैकी हे ऋण ज्याने पूर्णपणे ओळखले असा मला माहीत असलेला लेखक म्हणजे जर्मन कादंबरीकार मिखाएल एंडे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'चा नायक बास्टियन हा आई गमावलेला, शाळेत छळला जाणारा, स्वतःत मिटून गेलेल्या वडिलांचा मुलगा आहे. तो एक पुस्तक चोरतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो आणि वाचता वाचता त्यात शिरतो. (मूळ पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापले गेले, एक रंग आपल्या जगाचा आणि एक पुस्तकातल्या जगाचा.) तिथे त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते, तो देखणा होतो, शूर होतो, परंतु प्रत्येक इच्छेमागे त्याची घरची एक आठवण पुसली जाते. अशा रीतीने सगळ्या आठवणी गमावून तिथेच अडकलेल्या माणसांचे एक नगरच त्याला लागते, आणि ती माणसे अर्थहीन अक्षरांचे फासे टाकत बसलेली असतात. ज्याला त्या जगाचा सम्राट व्हायचे होते त्या मुलाला शेवटी स्वतःचे नावही आठवत नाही. आणि परतीच्या दाराशी त्याला अडवले जाते ते कशासाठी, तर त्याने इथे सुरू केलेल्या सगळ्या गोष्टी पूर्ण केल्या आहेत का, याची विचारणा होते. अट्रेयू हा त्याचा मित्र त्या गोष्टी पूर्ण करण्याचे काम स्वतःवर घेतो, तेव्हा कुठे त्याला वाट मिळते. घरी बाप रात्रभर त्याला शोधत फिरलेला असतो. मुलाची हकीकत ऐकताना त्या बापाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तिकडून जे जीवनजल आणायचे होते ते आपण आणले, हे बास्टियनला तेव्हा उमजते. १९८४ साली या पुस्तकावर निघालेला चित्रपट जगभर गाजला, पण त्यात पुस्तकाचा पूर्वार्धच आहे. इच्छांची किंमत मोजण्याचा हा सगळा भाग त्यात नाही. एंडे यांना तो चित्रपट पसंत नव्हता, यात नवल नाही.

माझ्या मनातली दुसरी अढी राज्य करण्याविषयीची आहे. नार्नियातल्या बोलणाऱ्या प्राण्यांनी दुष्ट चेटकिणीचा शंभर वर्षांचा हिवाळा सोसला, प्रतिकार केला, त्यांतल्या कित्येकांचे दगड झाले. तरी केर पॅराव्हेल या तिथल्या राजवाड्यातल्या चार सिंहासनांवर बसायला भविष्यवाणीनुसार बाहेरून आलेली चार मानवी मुलेच लागतात. हे पुस्तक १९५० चे आहे, म्हणजे भारत स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली होती. चार वर्षांनी आलेल्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये दक्षिणेकडच्या कॅलोरमेन देशातले लोक येतात, तेव्हा ते सावळे, दाढीवाले, फेटेवाले, वाकड्या तलवारींचे आणि क्रूर दैवताचे उपासक असतात. लहानपणी मी ल्यूसीच्या हाताला धरून त्या रानात शिरले होते. त्या पानांवर आल्यावर मला पहिल्यांदा जाणवले की, या गोष्टीत माझ्यासारखे दिसणारे लोक पलीकडच्या बाजूला उभे केले आहेत. न्यायाने सांगायचे तर त्याच पुस्तकातली अराव्हिस ही कॅलोरमेनची तेजस्वी मुलगी आहे आणि शेवटच्या पुस्तकातला एमेथ हा त्यांचाच सैनिक अस्लान आपला म्हणून स्वीकारतो. लुईस यांच्या मनाचा मोठेपणा तिथे दिसतो. परंतु ती दोन माणसे आहेत. देश मात्र तसाच राहतो. ब्रिटिश अभ्यासक फारा मेंडलसन यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात या कादंबऱ्यांचे एक मर्म दाखवले आहे. वाचक प्रवाशाबरोबरच त्या अनोळखी प्रदेशात जातो आणि तिथला वाटाड्या जे सांगेल ते दोघांनाही खरे मानून चालावे लागते. माझ्या मते धोका इथेच आहे, कारण एखाद्या परक्या मुलखाविषयी पहिल्या भेटलेल्या माणसाने सांगितलेले सगळे खरे मानायची सवय मुलांना नकळत लागते.

बॉम यांनी हा प्रश्न अर्धशतक आधी किती सहज सोडवला होता. ऑझचा जो सर्वशक्तिमान जादूगार, तो प्रत्यक्षात ओमाहा शहरातला, सर्कशीत फुगा उडवणारा एक साधा म्हातारा निघतो. वाऱ्याने भरकटत आलेल्या त्या माणसाला लोकांनी जादूगार मानले आणि त्याने ते मानू दिले. त्याच्या पाचूनगरीत सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरवे चष्मे कुलूप लावून बसवलेले असतात. बाहेरून येऊन राज्य करणाऱ्याची सत्ता कशी उभी राहते, हे मुलांना इतक्या ममतेने आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारे पान मला दुसरे माहीत नाही.

घराच्या बाबतीतही बॉम खरे बोलतात. डोरोथीचे कॅन्सस ते सुंदर करून दाखवत नाहीत. नांगरलेली जमीन उन्हाने करपून करडी, गवत करडे, घराचा रंग उडून ते करडे, आणि एम मावशीच्या डोळ्यांतली चमकही उन्हावाऱ्याने नेलेली. तरीही डोरोथीला तिथेच परतायचे असते आणि ती परतते, तेव्हा हेन्रीकाकाने वादळात गेलेल्या घराच्या जागी नवे घर बांधलेले असते. पुढे १९१० च्या 'द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ'मध्ये कळते की, त्या घरासाठी त्याने शेत गहाण टाकले होते, कर्ज फिटत नाही आणि शेत जाण्याची वेळ आली आहे. तेव्हा डोरोथी काकामावशींना घेऊन कायमची ऑझमध्ये राहायला जाते. कर्जापायी जमीन जाण्याची धास्ती म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, आणि हा शेवट वाचताना माझे मन दर वेळी दुभंगते. ज्यांच्या मागे असे दार नाही त्या शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. पण निदान इथे मूल एकटे सुटून गेले नाही. ज्यांनी त्याला वाढवले त्या थकलेल्या माणसांनाही ते बरोबर घेऊन गेले, याचे मला फार समाधान वाटते.

हेच समाधान नार्नियाच्या अखेरच्या पुस्तकात हिरावले जाते. १९५६ च्या 'द लास्ट बॅटल'मध्ये रेल्वे अपघातात सगळी मंडळी मरण पावतात आणि खऱ्या, चिरंतन नार्नियात पोचतात. चौघांतली सुझन तेवढी त्यांच्यात नसते. तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि मेजवान्यांची निमंत्रणे यांखेरीज कशात रस उरलेला नाही, असे इतर जण सांगतात आणि पुढे निघून जातात. एकाच दिवशी आईवडील, दोन भाऊ आणि बहीण गमावलेली एक तरुण मुलगी मागे इंग्लंडात उरली आहे, आणि पुस्तकातले कुणीही तिच्यासाठी थांबत नाही. लुईस यांनी पुढे एका लहान वाचकाला पत्रातून कळवले होते की, सुझनला अजून सुधारायला वाव आहे, कदाचित आपल्या वाटेने तीही अस्लानच्या देशात पोचेल. त्यांच्या भल्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ज्या पुस्तकाने मला आईच्या आजारपणात आधार दिला त्याच मालिकेने, मोठ्या होऊ पाहणाऱ्या एका मुलीला अशा वेळी एकटे टाकले, हे दुःख मी अजून विसरू शकलेले नाही.

माझी मुलगी आता आठवीत आहे आणि ती 'इसेकाई' नावाच्या जपानी कादंबऱ्या वाचते. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत नायक सुरुवातीलाच अपघातात मरतो, कित्येकदा ट्रकखाली सापडून, आणि दुसऱ्या जगात विशेष शक्ती घेऊन जन्मतो. परतीचा विषयच निघत नाही. मी तिला विचारले, "त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं?" तेव्हा ती म्हणाली, "आई, तिकडे त्याला कुणीच विचारत नव्हतं, म्हणून तर तो गेला." तिचे उत्तर मला खोडून काढता आले नाही. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात हेच म्हटले होते की, तुरुंगात पडलेल्या माणसाने बाहेर पडायची इच्छा धरली तर त्यात गैर काय, आणि टीकाकार कैद्याच्या सुटकेची आणि रणांगणातून पळणाऱ्याच्या पळण्याची गल्लत करतात. मला ते पटते. शिकवणी, चाचण्या आणि गुणांच्या चक्रात पिळून निघालेल्या मुलाला जर एखाद्या पुस्तकात दोन तास श्वास घेता येत असेल, तर त्याच्याकडून त्याचा हिशेब मागणारी मी कोण? माझी अडचण एवढीच आहे की, सुटलेला कैदी पुढे काय करतो, आणि त्याच कोठडीत राहिलेल्यांना तो कधी आठवतो का, हेही मला गोष्टीतच वाचायचे असते.

मराठीत असा प्रवास लिहिला गेलाच नाही असे नाही. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा एका जगात जाऊन येतात, जिथे पानिपतावर मराठ्यांचा विजय झाला आहे. कथेतले दार विज्ञानाचे आहे, परंतु प्रवास त्याच जातीचा. गंगाधरपंत तिथे राजे होत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन इतिहास वाचतात, सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतात; येताना बखरीचे एक फाटलेले पान तेवढे त्यांच्याबरोबर येते, ज्यात विश्वासरावांना गोळी चाटून गेल्याचे लिहिलेले असते. पानिपतची सल मनात असलेल्या मराठी वाचकाला त्या जगातच राहावेसे वाटणे किती सोपे होते! नारळीकरांनी त्या जगाचे दर्शन घडवले, आणि आपल्या जगात जे घडले तेही तितकेच खरे, हे सांगून गंगाधरपंतांना परत आणले. माझ्या मुलीला मी ही कथा वाचायला दिली. तिला ती फार लवकर संपली असे वाटले, आणि तिचे म्हणणे रास्त आहे, कारण या वाटेवर मराठीत मुलांसाठी मोठी कादंबरी तिला मिळत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे येतात आणि त्यांत अशा कादंबऱ्यांच्या कल्पनाशक्तीचे कौतुक असते. त्याबरोबर परीक्षकांनी हेही सांगावे की, या गोष्टीत मूल घर कसे सोडते, तिथल्या लोकांशी कसे वागते, आणि परत येते तेव्हा घरात त्याची वाट पाहणारे कुणी लेखकाच्या लक्षात राहिले आहे का. दुसरी विनंती मुलांसाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकांना आहे आणि ती आपल्यामार्फत पोचावी. नागपंचमीच्या कहाणीतल्या त्या धाकट्या सुनेची गोष्ट चार-पाच मिनिटांत वाचून होते. तिला वारुळात किती दिवस ठेवून घेतले होते, तिथे तिने काय पाहिले, दिवा पडल्यावर नागिणीपुढे ती कशी उभी राहिली, सासरी परतल्यावर कुणाला काय सांगितले आणि तिकडे लांडोबा-पुंडोबा आपल्या तुटक्या शेपटांविषयी काय ऐकत मोठे झाले, यांतले काहीच कहाणी सांगत नाही. हे सारे कुणी आजच्या मुलांसाठी दोन-अडीचशे पानांत लिहिले आणि आपण ते पुरवणीत क्रमशः छापले, तर माझ्या मुलीसह आमच्या वाचनालयातली बरीच मुले दर रविवारी आपल्या पत्राची वाट पाहतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली